हिरव्या घोड्यांवरचा पिवळा पट्टा

जनाकाकांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे, पण रंगाचा हात एकदा पाहिला की जन्मभर राहत असे. शास्त्रीनगरच्या कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला ते दर आठवड्याला नव्याने नाव विचारायचे, आणि त्याच्याच पाटीवर कुठल्याशा पेंटरने निळा रंग पातळ करून वेळ मारून नेलीय, हे त्याला येताजाता ऐकवायचे. दूधवाला हसायचा. नाव पुन्हा सांगायचा.

काकांची सगळी उमर रेल्वेचे डबे रंगवण्यात गेली होती. मूळ घर अमळनेरचं. बदल्यांच्या मागे फिरत फिरत ते जयपुरात येऊन टेकलं होतं. धाकटे भाऊ गुलाबराव, म्हणजे पुतणी निशिगंधाचे, निशीचे, वडील, गार्ड होते. ते घरी कमी आणि गाडीवर जास्त. आई निशीच्या लहानपणीच गेलेली. तेव्हा घर म्हणजे काका, यमुनाकाकू आणि निशी. काका रिटायर झाले तसे घरात बसून काकूंच्या स्वयंपाकात लक्ष घालू लागले. काकूंनी ते फार दिवस चालू दिलं नाही. "तुमचे डबे संपले असतील, माझे नाही," म्हणाल्या, "जा, बाहेर काहीतरी रंगवा." अशा रीतीने काका पाट्या रंगवणारे झाले, आणि निशी त्यांची शागीर्द.

निशी दहावीत होती. दिवाळीच्या आधीपर्यंत ती वर्गात विचारलं तरी न बोलणाऱ्यांतली. मग शाळेच्या संमेलनाचा मोठा फलक तिने एकटीने लिहिला, मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "ये किसने लिखा?" आणि तेव्हापासून तिची मान वर झाली ती झालीच. आवाज मानेच्याही वर. काकू म्हणायच्या, "आधी तोंडातून शब्द फुटत नव्हता, आता तोंड मिटत नाही. मधलं काही देवाने ठेवलंच नाही."

अशात सुलोचनाबाईंचं काम आलं. सुलोचनाबाई विमा कंपनीतल्या साहेबांच्या मंडळी, पुण्याच्या, आणि ते विसरू न देणाऱ्या. घराच्या खालच्या खोल्यांत त्या मुलींसाठी शिवणाचा वर्ग काढत होत्या. वसंत पंचमीला उद्घाटन. गच्चीच्या कठड्याखाली, भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत नाव हवं होतं: सुलोचना सिलाई केंद्र.

"वरची ओळ निशी लिहील," काका म्हणाले.

हे काही कौतुकापोटी नव्हतं. काकांचा उजवा खांदा आता कानाच्या वर जात नव्हता. खालची फुलं, वेली, दारं ते करणार; वर हात पोचवायला दुसरा हात हवा होता. पण निशीला ते राज्याभिषेकासारखं वाटलं. फलक जमिनीवर पसरून लिहिला होता. भिंतीवर, उंचावर, रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्या जगाच्या डोक्यावर तिने अजून एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत अख्ख्या वर्गाला बातमी पोचली होती.

बातमी काकूंना शेवटी पोचली. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं.

"पोरगी भिंतीवर चढणार?"

"भिंतीवर नाही ग. परांचीवर. दोन घोड्या, मध्ये फळी."

"लोक काय म्हणतील ते लोक म्हणतील. मी म्हणते ते ऐका. त्या भाड्याच्या डगमगत्या घोड्या असतात ना, रामाच्या काळातल्या, त्यावर माझी पोरगी चढायची नाही. स्वतःच्या आणा. धड आणा. मग चढू दे."

निशी काकूंच्या गळ्यातच पडली. पिठाचा हात तिच्या पाठीवर उमटला.

घोडी म्हणजे उघडती शिडी, वरून बिजागरीने जोडलेली, चार पायांवर उभी राहणारी. नव्या घोड्यांची जोडी करून घ्यायला सुतार वसंत पंचमीनंतरचा वायदा देत होता. म्हणून काका-पुतणी चांदपोलच्या बाहेर जुन्या सामानाच्या बाजारात गेली. गेल्या पावसाळ्यातल्या पुरानंतर तिथे लाकडाला तोटा नव्हता. पडक्या घरांची दारं, चौकटी, तुळया, बल्ल्या, सगळं रचून ठेवलेलं. सुखदेव नावाचा एक जाड मफलरवाला तिथे बाजेवर बसून ऊन खात होता.

"आओ मास्टरजी," तो म्हणाला. काकांच्या नखांतला रंग बघून त्याने ओळखलं असावं.

शिड्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. राखाडी, उघड्या लाकडाच्या, कुणाला पायरीच्या जागी दोरी, कुणाला लोखंडी पट्टी ठोकलेली. एकीच्या खालच्या पायरीवर निशी उभी राहिली तर ती म्हातारीसारखी कुरकुरली. निशीने तोंड वाकडं केलं. तिच्या डोळ्यांपुढे शास्त्रीनगरचा रस्ता होता, वर्गातल्या मुली होत्या, आणि या कुरकुरणाऱ्या म्हातारीवर बसलेली आपण. शोभत नव्हतं.

"अरे," काका म्हणाले. आवाज देवळात आल्यासारखा.

शेडच्या आत, उन्हापासून बाजूला, दोन हिरव्यागार घोड्या उभ्या होत्या. बाटलीच्या काचेसारखा तकतकीत हिरवा, आणि प्रत्येक पायाच्या कडेने, वरपासून खालपर्यंत, करंगळीपेक्षा बारीक पिवळा पट्टा. सरळ. कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही, कोपऱ्यावर वळताना श्वास घेतल्याची खूण नाही.

काकांनी चष्मा पुसला. गुडघ्यावर बसले. पट्ट्यावरून बोट फिरवलं, पण टेकवलं नाही.

"निशे, हा पट्टा फूटपट्टीने नाही मारलेला. मोकळ्या हाताने मारलाय. पहिल्या वर्गाच्या डब्यांवर असा मारायचे, माझ्या उस्तादांच्या वेळी. भैया, ये किसका हाथ है?"

"था एक कारीगर," सुखदेव म्हणाला. "बूढ़ा आदमी. अब कहाँ ऐसे लोग."

"कहाँ," काका म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

निशीला एक प्रश्न विचारावासा वाटला. घरून निघताना काकूंनीच तो पढवला होता. "भैया, ये बाढ़ का माल तो नहीं?"

सुखदेवने कानाला हात लावला. "राम राम करो बेटी! पानी में डूबा होता तो ऐसा चमकता?"

काकांनी मान डोलावली. पुरात बुडालेलं लाकूड असं चमकेल का? कधीच नाही. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं साहेबांच्या तपासणीआधी कुजक्या दारांच्या भेगांत लांबी भरली, म्हणजे खडू आणि अळशीचं तेल मळून केलेला लगदा, आणि वरून असा रंग चढवला की साहेबाला त्यात स्वतःची टोपी दिसावी, त्या माणसाने मान डोलावली. एखादा हलवाई दुसऱ्याच्या जिलबीपुढे भान विसरतो, त्यातलाच प्रकार. वजन मारलंय का, तेल जुनं आहे का, काही सुचत नाही. नुसता वेढा बघत राहतो.

घोड्या हातगाडीवरून घरी आल्या. गल्ली बघायला लोटली. काकूंनी पदराने हात पुसत चारी बाजूंनी फिरून पाहिलं.

"छान आहेत," म्हणाल्या. "नवरीसारख्या."

काकांनी अंगणात परांची उभारून निशीला शिकवणी दिली. घोडीचे पाय पुरते फाकवायचे. दोन्ही बाजूंमधली दोरी ताणली गेली पाहिजे, लोंबती राहिली तर घोडी बसेल, म्हणजे मांडी घालेल. पायांखाली विटेचे तुकडे घालायचे नाहीत, जमीनच सारखी करायची. फळी दोन्ही टोकांना वीतभर बाहेर, आणि बांधलेली. सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहायचं नाही, ती फक्त धरायला. "आणि चढताना डबा हातात नाही. डबा मागून दोरीने वर येतो. एक हात कामाचा, एक हात जिवाचा."

"आणि मला खाज सुटली तर?"

"तर खाली उतरायचं आणि खाजवायचं."

याच आठवड्यात काकांनी तिला सुलोचनाबाईंच्या वर्गाचं जुनं दार करायला दिलं होतं. भेगा खरवड, लांबी भर, वाळू दे, घास, रंग लाव. निशीने लावला आणि नाचत नाचत काकांना बोलावलं. काकांनी तिला दुपारभर काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन आडवं पडलं तेव्हा तिला दाराच्या कडेला उभं करून म्हणाले, "आता बघ." चकचकीत दारावर ठिकठिकाणी निस्तेज डाग होते. जिथे जिथे लांबी होती तिथे तिथे. लांबी तेल पिते, रंग दबतो, सांगितलं त्यांनी. समोरून कळत नाही. सकाळचं ऊन कडेने आलं की कळतं. म्हणून साहेबाची तपासणी दुपारी ठेवायची असते.

निशी खूप हसली होती.

लिहिण्याचा दिवस रविवारी ठरला. वसंत पंचमी दोन दिवसांवर. सकाळी थंडी होती, तोंडातून वाफ निघत होती. परांची भिंतीशी उभी राहिली: हिरव्या घोड्या, दोरी ताणलेली, फळी बांधलेली. समोरच्या गच्चीवर बायका गाजरं किसायला घेऊन बसल्या होत्या, पण किसण्याचं काम फारसं चाललं नव्हतं. वर्गातली विभा दोन मैत्रिणींना घेऊन सायकलवरून आली होती. सुलोचनाबाई शाल लपेटून फाटकात उभ्या.

"अहो जनार्दनराव, अक्षर सरळ येईल ना? नाहीतर नवशिक्या मुलीने शिवलेल्या कॉलरसारखं व्हायचं."

"येईल," निशीच म्हणाली. "कॉलरही येईल सरळ, मी तुमच्या क्लासला आले की."

विभा फिसकन हसली. निशीने सलवारीचे पाय दुमडले, ओढणी कमरेला आवळली, घोडीच्या उभ्या पायाला हात घातला आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं. तोंड पिवळ्या पट्ट्याच्या अगदी जवळ आलं. ऊन तिच्या मागून, कडेने येत होतं.

तिसऱ्या पायरीच्या खाचेशी हिरवा रंग निस्तेज होता. तळहाताएवढा डाग. त्यावरून पट्टा तसाच सरळ गेला होता, जराही न अडखळता.

ती खाली उतरली.

"काय ग?" काका म्हणाले.

"इथे रंग दबलाय."

"ब्रश कोरडा पडला असेल."

"पट्टा कोरडा नाही, काका. खालचा हिरवा दबलाय. इकडून या ना, इकडून दिसतं."

काका होते तिथेच उभे राहिले. ते उन्हाच्या समोरच्या बाजूला होते; तिथून घोडी आरशासारखी दिसत होती. "मला इथून दिसतंय सगळं," ते म्हणाले.

"निशी, चढ ना यार!" विभा ओरडली.

"घाबरली वाटतं," सुलोचनाबाई म्हणाल्या. वाईट हेतूने नाही, नुसतं आपलं. पण गच्चीवरची किसणी थांबली.

निशीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एकूण आठ पाय, तिने हिशेब केला, डाग एकावर. वजन ते काय आपलं! पटकन चढून फळीवर गेलं की तो पाय मागे पडला. मतलब, काही होणारच नाही. शंभरातल्या नव्याण्णव वेळा काही होत नाही. आणि आज जर वर गेले नाही तर उद्या शाळेत विभा सांगणार: निशी? ती तर पहिल्या पायरीवरून उतरली.

पण तिला हेही माहीत होतं की धड लाकडात कुणी लांबी भरत नाही.

"काका, पट्टी द्या."

लांबी भरायची, खरवडायची पोलादी पट्टी काकांच्या खिशात होती. त्यांनी खिशावर हात ठेवला. "खबरदार. असलं काम आता जयपुरात कुणी करत नाही. ओरखडा काढलास तर पुन्हा जुळायचं नाही ते. तुला काय कळतं?"

"तुम्हीच शिकवलंत ते कळतं."

हे ती मोठ्याने बोलली, कारण हल्ली ती सगळंच मोठ्याने बोलायची. गल्लीभर ऐकू गेलं. मग ती घोडीला धरून उभी राहिली, वरही नाही, बाजूलाही नाही.

काका चालत तिच्या बाजूला आले. ऊन मागे घेऊन, मान तिरकी करून त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग गुडघ्यावर बसले, खिशातून पट्टी काढली आणि पिवळ्या पट्ट्याच्या मधोमध टोक लावून दाबलं.

रंग टवका होऊन उडाला. मागून लांबीचा लांबट तुकडा निघून पडला, पांढरा, कुल्फीच्या काडीसारखा. आत भेग होती. पायरीच्या खाचेतून निघून पायाच्या अंगाअंगाने खाली गेलेली. काकांनी पट्टी आत सरकवली तर ती मुठीपर्यंत गेली, आणि बाहेर काढली तेव्हा तिच्यावर वाळक्या चिखलाची भुकटी होती.

"पुराचं आहे," काका म्हणाले.

ते तिथे थांबले नाहीत. पुढचा पाय, त्याच्या पुढचा, मग दुसरी घोडी. फक्त पट्टीची खरखर. पट्टा टवक्या-टवक्यांनी खाली पडत होता. दोन पाय फुटलेले निघाले आणि एका पायरीच्या जागी तर लाकूड कमी, लांबीच जास्त होती. ती मधली पायरी होती. फळी तिच्या वरच्या पायरीवर टेकली होती; तिथे पोचायला हिच्यावरूनच जावं लागलं असतं.

विभाने सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली.

"बरं, पण आता?" सुलोचनाबाई पुढे आल्या. "मी पत्रिका वाटून बसले आहे हो. दोरीने घट्ट बांधून नाही चालणार? पोर ती केवढीशी. हळूच चढेल."

"बाई," काका म्हणाले, "मी जन्मभर असंच झाकत आलो. पण माझ्या दारांवर कुणी चढत नव्हतं."

गच्चीवरून एक बाई म्हणाली, वापस कर दो जी, उसके मुँह पर मारो. काका म्हणाले, "परत दिल्या तर तो दुसरीकडून लांबी भरून घेईल. आणि माझ्यासारखं एखादं गाढव येऊन पुन्हा पट्ट्याकडे बघत बसेल." त्यांनी पलीकडच्या सुताराची करवत मागून आणली, घोड्या रस्त्याच्या कडेला आडव्या केल्या, आणि एकेक पाय मधून कापला. खांदा दुखत होता तरी करवत कुणाला दिली नाही. कापून झाल्यावर तुकड्यांकडे बघत एवढंच म्हणाले, "हात मात्र चांगला होता त्याचा."

करवतीमागून आलेला सुतार हसला. पण त्यांनी ते थट्टेत म्हटलेलं नव्हतं.

आता निशीकडे रंगाचे डबे होते, ब्रश होते, खडू लावलेला दोरा होता, आणि चढायला काही नव्हतं. वरची भिंत रिकामी राहणार होती. रडू येईलसं वाटलं, पण मैत्रिणी उभ्या होत्या. तिने रिकाम्या भिंतीकडे पाहायचं टाळलं, म्हणून तिची नजर खाली गेली, कंपाउंडच्या भिंतीवर. छातीइतकी उंच, नुकताच चुना दिलेली; कोपऱ्यावरच्या नळापासून सुरू होऊन पार फाटकापर्यंत आलेली.

"मावशी, ही भिंत द्या."

"ही? अगं, ही गाईम्हशींना पाठ खाजवायची भिंत आहे. नाव असं खाली लिहितात का कधी?"

"वर किती मोठं आलं असतं? हातभर. इथे जमिनीपासून भिंतीच्या माथ्यापर्यंत येईल. कमरेपेक्षा उंच अक्षर!"

"कमरेपेक्षा उंच!" विभा म्हणाली. "बाप रे."

सुलोचनाबाईंनी काकांकडे पाहिलं. काका करवतीचा भुसा झटकत होते. "भिंत तुमची आहे," ते म्हणाले. "लिहिणारी ती आहे. मला विचारू नका."

शेवटी वसंत पंचमीनेच निकाल दिला. ती काही पुढे ढकलता येत नव्हती. निशीने विभाला दोऱ्याचं एक टोक धरायला लावलं, दोरा झटकून खडूची रेघ उमटवली आणि सुरुवात केली. आधी तिचा हात बावरला. एवढं मोठं अक्षर मनगटाने येत नाही, खांद्यापासून येतं, आणि पायांनी. 'ल'च्या गाठीसाठी तिला दोन पावलं बाजूला सरकावं लागलं. दुपारपर्यंत तिला समजलं की आपण लिहीत नाही, चालतोय. काका तिच्या मागून बारीक ब्रशने कडा साफ करत येत होते, खांदा न उचलता.

एक पांढरी गाय खरंच आली. सगळ्यांनी हाकलेपर्यंत तिने 'सिलाई'ला कूस घासलीच आणि ओल्या रंगाने लाल झालेली ती कूस घेऊन मोठ्या रस्त्याकडे निघून गेली. "झाली जाहिरात," सुलोचनाबाई म्हणाल्या. निशीने ते अक्षर पुन्हा लिहिलं. दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा बरं आलं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा काकू जेवणाचा डबा आणि शाल घेऊन आल्या. रस्त्यात कापून पडलेल्या हिरव्या तुकड्यांपाशी थांबल्या, वाकून एक उचलून पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तुकडा खाली ठेवला. डबा उघडून म्हणाल्या, "निशे, हात धू आधी." इतकंच.

सुलोचनाबाई मात्र अजून घुटमळत होत्या. "सगळं एकदम दिसत नाही ग," म्हणाल्या. "समोर उभं राहिलं की नुसता 'चना' दिसतो. लोकांना वाटेल फुटाण्यांचं दुकान."

"समोर उभं राहायचंच नाही, मावशी. नळाजवळून सुरू करा."

"कसं?"

"चालत."

सुलोचनाबाई शाल सावरत नळापर्यंत गेल्या. तिथून भिंतीच्या कडेने, ओल्या रंगाला पदर लागू न देता, एकेक अक्षर ओठांत पुटपुटत येऊ लागल्या. शेवटचं अक्षर संपलं तेव्हा त्या स्वतःच्या फाटकात उभ्या होत्या.